पोळ्यांच्या वहीतला एक रकाना : अपराधीपणा, स्व-मदत आणि समुपदेशनाचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका बाईंचं आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्यांना इथे मंगलताई म्हणते. लिहून झाल्यावर सगळं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली.

पार्श्वभूमी

मंगलताई ४७ वर्षांच्या. मध्य रेल्वेच्या एका उपनगरात तळमजल्यावर त्यांचं घर आहे आणि पुढच्या खोलीत पोळी-भाजी केंद्र. दिवसाला अडीचशे-तीनशे पोळ्या जातात, हाताखाली दोन बायका आहेत. यजमानांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता ते स्कूटरवरून डबे पोचवतात. मुलगा पुण्याला नोकरीत, मुलगी सासरी.

सासूबाईंना पक्षाघात झाला आणि पुढची अडीच वर्षं त्या अंथरुणावर होत्या. उजवी बाजू गेलेली, बोलणं अस्पष्ट, शेवटी शेवटी नाकातून नळी. पोळ्या आटोपल्या की अंग पुसायचं, कूस बदलायची, पाठीच्या जखमेला मलम लावायचं. रात्री दोनदा तरी उठावं लागे. ८१व्या वर्षी न्यूमोनियाने सासूबाई गेल्या. मंगलताई माझ्याकडे आल्या त्या जूनमध्ये, या मृत्यूला १४ महिने झाल्यावर.

इतक्या उशिरा का, हे मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी मीच करून बघितलं ना सगळं." मधले पाच महिने त्यांनी स्वतःचं मन स्वतः सावरायचा फार कष्टाने प्रयत्न केला होता. पहाटे कणीक मळताना मोबाइलवर सकारात्मक विचारांची भाषणं लावायची. रात्री वहीत "मी आनंदी आहे" हे २१ वेळा लिहायचं. गोड सोडलं, टीव्ही सोडला, कृतज्ञतेची यादी केली. ती वही त्या पिशवीत घालून घेऊन आल्या होत्या. सुरुवातीच्या पानांवर अक्षर गोल आणि सुबक होतं. शेवटच्या काही पानांवर २१ ओळी पूर्ण झालेल्या नव्हत्या, आणि एका पानावर ११व्या ओळीनंतर पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.

अडचण नेमकी काय होती

दिसायला चित्र ओळखीचं होतं. पहाटे अडीच-तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. जेवण उतरत नाही. भाजीत दोनदा मीठ पडतं. मुलीचा फोन आला तरी घ्यावासा वाटत नाही. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारणारी, ० ते २७ गुण देणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली मी भरून घेतली. त्यांचे गुण आले १६. दहा किंवा त्याहून जास्त गुण आले की गांभीर्याने घ्यायचं असतं आणि १५ ते १९ म्हणजे बऱ्यापैकी तीव्र नैराश्य.

नववा प्रश्न जिवाविषयीचा असतो. त्यावर त्या थांबल्या. "सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं कधी कधी." मी स्पष्ट विचारलं, जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतो का, काही ठरवलंय का, घरात काही साठवून ठेवलंय का. असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरतो अशी भीती अनेकांना वाटते, ती खरी नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. मंगलताईंनी ठरवलेलं काही नव्हतं. मात्र घरात सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्यांची उरलेली पट्टी होती आणि त्यातली अर्धी-अर्धी गोळी त्या अधूनमधून घेत होत्या. पट्टीत १४ गोळ्या शिल्लक होत्या. त्या दिवशी पहिलं काम हे केलं की ती पट्टी त्यांच्या नर्स असलेल्या भाचीकडे गेली.

मुळाशी काय होतं ते मात्र मला चौथ्या भेटीपर्यंत कळलं नाही. पण वाचणाऱ्याला ते आत्ताच कळलेलं बरं.

सासूबाई जाण्याच्या ११ दिवस आधी, रात्री दोन वाजता, तिसऱ्यांदा चादर बदलताना मंगलताई त्यांना म्हणाल्या होत्या, "सुटा एकदाच्या, आणि मलाही सोडवा." सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. पुढे दहाव्याला कावळा शिवायला दीड तास लागला. घाटावर जमलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली, "कशात तरी मन राहिलंय म्हातारीचं." कशात राहिलंय हे आपल्या एकटीलाच ठाऊक आहे, अशी मंगलताईंची खात्री पटली.

यावर त्या पहाटेच्या भाषणांनी कळस केला. जे बोलाल ते घडतं, शब्दांत शक्ती असते, मनात आणाल ते तुमच्याकडे खेचलं जातं. ऐकणाऱ्या हजारोंना यातून उमेद मिळत असेल. मंगलताईंनी त्यातून सरळ निष्कर्ष काढला : म्हणजे मी बोलले आणि ते घडलं. आनंदी व्हायला म्हणून जे ऐकत होत्या, त्यातूनच त्यांच्यावरचा आरोप दर पहाटे नव्याने सिद्ध होत होता. वर आनंदी होता येत नाही म्हणजे आपण प्रयत्नातही कमी पडतो, ही दुसरी शिक्षा.

कॅनडात मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं स्वतःविषयीचं मत आधीच वाईट असतं, अशा माणसांनी स्वतःविषयीचं गोड वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी जास्त वाईट वाटतं, असं त्यात दिसलं होतं. मी ते वाचलं होतं. त्या फाटलेल्या पानावर ते समोर दिसलं.

समोर असलेले पर्याय

माझ्याकडे येण्याआधी घरात बरंच काही सुचवून झालं होतं. जावेने शांत करून घ्यायला सांगितलं. शेजारणीने त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करायला. फॅमिली डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. मानसोपचारतज्ज्ञांचं नाव निघालं तसे यजमान म्हणाले, "ठाण्याला नेतात तिथे?" ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं. आपल्याकडे चार पिढ्यांनी ते नाव टोमणा मारायलाच वापरलं आहे. यजमान चेष्टा करत नव्हते, खरंच घाबरले होते.

शेवटी भाचीने १४४१६ हा नंबर दिला. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मंगलताईंनी पहाटे साडेतीनला, कणीक भिजवायच्या आधी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि समोरासमोर कोणाला तरी भेटा असं सांगितलं. "घरातलं कुणी उठायच्या आत झालं हो, म्हणून जमलं," असं मंगलताई म्हणतात. ज्या बाईला दिवसात एकही तास स्वतःचा नाही, तिच्यासाठी पहाटे साडेतीनला कुणीतरी जागं असणं ही मोठी गोष्ट आहे.

माझ्यापुढेही पर्याय होते. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचं, की काही भेटी बोलून बघायचं? १६ गुण आणि नवव्या प्रश्नावरचं उत्तर पाहता मी पहिल्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, "गोळीची सवय लागते. आईंना लागली होती." मी ताणलं नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, भाची रोज संध्याकाळी फोन करणार होती, आणि दडपण आणलं तर त्या दोन्ही दारं बंद करतील असं वाटलं. हा निर्णय आजही मला पूर्ण चूक वाटत नाही. पण त्याच वेळी जे करायला हवं होतं ते मी केलं नाही, त्याबद्दल पुढे.

दुसरा प्रश्न, सुरुवात विचारांपासून करायची की कृतीपासून? विवेकनिष्ठ मानसोपचाराची, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलण्याची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडली आणि मानसशास्त्रज्ञ किशोर फडके यांच्यामुळे ती मराठीत रुजली. माझं शिक्षण त्याच वळणाचं असल्याने माझा हात आधी तिकडेच जातो. दुसरीकडे गोव्याचं उदाहरण होतं. तिथे 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकरवी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचा कृतीवर भर देणारा उपचार दिला. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा फायदा जास्त झाला. मन सुधारलं की हातपाय हलतील याची वाट न बघता आधी थोडं हलायचं, हे त्याचं सूत्र.

मी सुरुवात विचारांपासून केली. तिथे चुकले.

काय केलं

दुसऱ्या भेटीत मी मंगलताईंना सात रकान्यांचा तक्ता दिला : प्रसंग, विचार, भावना, तीव्रता, पुरावा, विरुद्ध पुरावा, नवा विचार. तिसऱ्या भेटीला त्या उशिरा आल्या, तक्ता कोराच होता. "मॅडम, जमलंच नाही. माझ्यात कष्ट घ्यायची दानतच नाही." दिवसाला तीनशे पोळ्यांचा रगाडा उपसणारी बाई हे म्हणत होती. २१ ओळींच्या परीक्षेत नापास झालेल्या माणसाला मी दुसरी परीक्षा दिली होती. शिवाय भेटीची वेळ संध्याकाळी पाचची, म्हणजे रात्रीच्या डब्यांच्या ऐन गर्दीची. आणि माझी फी सहाशे रुपये. त्यांची एक पोळी दहा रुपयांना जाते. नंतर एकदा त्यांनीच सांगितलं, "तुमचा तास म्हणजे साठ पोळ्या." तिसऱ्या भेटीनंतर त्या आल्या नाहीत.

एक आठवडा, दोन आठवडे. आमच्या व्यवसायात साधारण रीत अशी की न येणाऱ्याच्या मागे लागू नये, येणं न येणं त्याच्या मर्जीवर सोडावं. पण ज्यांचं नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य नाही, त्यांच्या बाबतीत गप्प राहणं मला पटेना. भाचीला फोन करून त्या सुखरूप आहेत एवढी खात्री केली, तशी परवानगी पहिल्या दिवशीच घेऊन ठेवली होती. मग मंगलताईंना एकच निरोप पाठवला : "तक्ता मी द्यायलाच नको होता. दुपारी अडीचची वेळ चालेल का? अर्धी फी चालेल. नाही आलात तरी राग नाही." तीन दिवसांनी उत्तर आलं, "अडीच चालेल."

चौथ्या भेटीत मी कागद काढलाच नाही. विचारलं, "हे सगळं कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?" या एका प्रश्नावर त्या रात्रीची चादर, ते वाक्य, घाटावरचा कावळा, सगळं आलं. चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या. मी मध्ये एकदा पाणी दिलं, बाकी काही केलं नाही.

त्यानंतर काम बदललं. नवी वही नको असं आम्ही ठरवलं. त्यांची ऑर्डरची वही रोज उघडली जातेच : नाव, पोळ्या, भाजी, जमा, बाकी. त्याच्या उजव्या कडेला पट्टीने एक रेघ मारून त्यांनी 'मन' असा रकाना केला. दिवसातून दोनदा, सकाळचे डबे गेल्यावर आणि रात्री ओटा पुसल्यावर, शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायचा. कारण लिहायचं नाही, वाक्यही नाही. आणि दिवसाला एक गोष्ट, पोळ्यांशी संबंध नसलेली, वीस मिनिटांची. पहिल्या आठवड्यात ती गोष्ट म्हणजे दुपारी जिना चढून गच्चीवर जाऊन बसणं, एवढीच होती. तिसऱ्या आठवड्यात त्या वही दाखवत म्हणाल्या, "बघा, मंगळवारी सहा आहे. मंगळवारी मुलीशी बोलले होते." हे मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, पण त्यांच्याच अक्षरातल्या आकड्याशी वाद घालता येत नव्हता.

याच सुमारास मी रक्ततपासणीचा आग्रह धरला. हिमोग्लोबिन ८.९ निघालं, १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पाळी जायच्या वयात वर्षभर अंगावरून जास्त जात होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. 'दानत नाही' याचा काही भाग लोह नसल्याचा होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दाखवलं. आणि गंमत म्हणजे रक्तासाठी गोळी घेणं पटल्यावर मनासाठी गोळी घेण्याविषयी बोलता आलं. झोपेच्या ज्या गोळ्यांची सासूबाईंना सवय लागली होती, त्या वेगळ्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा थोडे जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून त्या आपल्या मनाने एकदम थांबवायच्या नाहीत. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात त्या यजमानांसह मानसोपचारतज्ज्ञांकडे गेल्या. ओपीडी ठाण्याची नव्हती, स्टेशनजवळच्या साध्या दवाखान्यातली होती. यजमानांचा चेहरा तिथल्या रांगेत ओळखीचे दोघे दिसल्यावर सैलावला, असं नंतर कळलं.

सहाव्या भेटीत विचारांकडे वळलो. मी डब्याचं झाकण कागदावर ठेवून पेन्सिलीने गोल काढला आणि म्हटलं, ही पोळी म्हणजे आईंचा मृत्यू. तो कशाकशामुळे झाला त्याचे तुकडे पाडा. त्यांनी आधी अर्धी पोळी स्वतःच्या वाक्याला दिली. मी हरकत घेतली नाही. फक्त म्हटलं, बाकीचंही भरा. वय ८१. पक्षाघात. गिळता न येणं. फुप्फुसात गेलेलं पाणी. अडीच वर्षांचं अंथरूण. जागा पुरेना. त्यांनी खोडरबर मागितलं. वाक्याचा तुकडा पाव झाला, मग चिमटीएवढा. मग बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसल्या, आणि तो चिमटीएवढा तुकडाही खोडून गोलाच्या बाहेर लिहिला : "मी बोलले." म्हणाल्या, "हे खरं आहे. पण हे पोळीत बसत नाही."

मला त्या जागी काही समजावायचं उरलं नव्हतं. बोलल्याचा पश्चात्ताप खरा होता आणि तो काढून टाकायचा मी प्रयत्नही केला नाही. मारल्याचा आरोप तेवढा गळून पडला.

सातव्या भेटीला, पितृपक्षाच्या तोंडावर, त्यांच्या इच्छेने यजमान आले. मंगलताईंनी ते वाक्य त्यांच्यासमोर म्हणून दाखवलं. ते खाली बघत होते. मग म्हणाले, "मला माहितीय. मी जागा होतो तेव्हा. उठलो नाही." थोड्या वेळाने, "तू बोललीस. मी तर देवापाशी मागत होतो." सोळा-सतरा महिने एका घरात दोन माणसं एकाच ओझ्याखाली, एकमेकांपासून लपून वाकली होती.

निष्पत्ती

पीएचक्यू-९ चे गुण जूनमध्ये १६ होते, जुलैअखेर १५. पितृपक्षाच्या आठवड्यात १२, पण त्या आठवड्यात सासूबाईंच्या तिथीला त्यांनी खीर-वडे स्वतः केले आणि पान ठेवायला गच्चीवर स्वतः गेल्या. ऑक्टोबरअखेर ८ आणि डिसेंबरात, अकराव्या भेटीत, ५. नववा प्रश्न ऑक्टोबरपासून शून्य. एप्रिलमध्ये, मृत्यूला दोन वर्षं होताना, गुण पुन्हा १० वर गेले. ही घसरण येणार असं आधी बोलून ठेवलं होतं, त्यामुळे त्या स्वतःहून फोन करून आल्या. दोन भेटींत सावरल्या.

यातलं नेमकं कशाने काय झालं हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. लोह, गोळी, गच्ची, पेन्सिलीची पोळी आणि यजमानांची ती दोन वाक्यं, हे सगळं एकाच तीन महिन्यांत घडलं. समुपदेशनाने बरं झालं असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलेलं मला आवडणार नाही.

स्व-मदत त्यांनी सोडलेली नाही. भाषणं बंद केली, पहाटे आता अभंग लावतात. 'मन' रकाना आठवड्यातून तीन दिवस भरतात.

काय वेगळं करता आलं असतं

रक्ततपासणी पहिल्याच भेटीत सांगायला हवी होती. ४७ वर्षांची बाई थकवा सांगते आणि मी दोन महिने तिच्या विचारांत शोधत बसते, हे बरोबर नव्हतं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना नकार दिला तरी रक्ताला दिला नसता.

"तुम्हाला काय वाटतं, कशामुळे झालं?" हा प्रश्न चौथ्या भेटीत नाही, पहिल्या भेटीत विचारायचा. त्यांच्या घरात शांत आणि नारायण नागबळीची भाषा चालली होती, म्हणजे कारणाचा एक सिद्धान्त घरात नांदत होता. मी ती फक्त अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारली आणि त्यामागचा अपराधीपणा ऐकला नाही.

भेटीची वेळ आणि फी यांच्याविषयी बोलायला मला संकोच वाटला. त्यामुळे तीन आठवडे गेले. अशा तीन आठवड्यांत काहीही होऊ शकलं असतं.

यजमानांना लवकर बोलवायचं का, यावर मी अजून ठाम नाही. पोळीचा तो कागद आधी झाला नसता, तर त्यांच्यासमोर ते वाक्य उच्चारणं मंगलताईंना झेपलं नसतं असं मला वाटतं. माझ्या मार्गदर्शक बाईंचं मत उलट आहे. त्यांच्या मते दोघांचं ओझं दोन महिने आधी उतरलं असतं.

कुणाकडे जावं हे निवडणाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती विचारण्यात गैर काही नाही. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र अगदी तोकड्या शिक्षणावरही लागलेली दिसते. शिक्षण कुठे झालं, कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता, गरज पडली तर डॉक्टरांकडे पाठवता का, हे तीन प्रश्न पहिल्या फोनवर विचारावेत. मंगलताईंनी मला यातला एकही विचारला नव्हता. आता त्या ओळखीच्या बायकांना विचारायला लावतात.

या जूनमध्ये त्या पाठपुराव्याला आल्या. डॉक्टरांनी गोळी कमी करायला सुरुवात केली आहे. वही बघितली तर 'मन' रकाना दोन आठवडे रिकामा. विचारलं तर म्हणाल्या, "लग्नाच्या ऑर्डरी होत्या, राहूनच गेलं." पुढची तारीख आम्ही पितृपक्षाच्या आधीच्या सोमवारची ठरवली, दुपारी अडीचची.